किमो चालू असताना साथ आली तर: रुग्ण आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

कोरोनाच्या काळात सूचना सगळ्यांना एकच होती: ताप आला तर घरी थांबा, पॅरासिटामॉल घ्या, तीन-चार दिवस वाट बघा, उगाच हॉस्पिटलात गर्दी करू नका. धडधाकट माणसासाठी ते बरोबरच होतं. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाला यातलं जवळपास काहीच लागू पडत नाही, आणि फसगत झाली ती नेमकी इथे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र गेलेला नाही, आणि पावसाळा आला की फ्लूही डोकं वर काढतोच. खालची उत्तरं कोविड समोर ठेवून लिहिली आहेत, पण बरीचशी फ्लूच्या साथीलाही चालतील.

किमोनंतर ताप आला. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबलं तर चालेल का?

नाही. किमो घेतल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या की साधा जंतुसंसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी ताप हे बहुतेकदा एकमेव लक्षण असतं. पू धरत नाही, सूज येत नाही, एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो, कारण हे सगळं घडवून आणणाऱ्या पेशीच जागेवर नसतात.

म्हणून तोंडातला ताप एकदा जरी १०१ फॅरनहाइट भरला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर निघायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कोविडची चाचणी त्यासोबत होईल, त्याआधी नाही. २०२० मध्ये तापाच्या रुग्णांसाठी वेगळी खिडकी आणि वेगळी रांग होती. किमोचा रुग्ण त्याच रांगेत मुकाट्याने उभा राहिला की हा तास तिथेच संपायचा. त्यामुळे दारातच, नाव सांगण्याआधी सांगा: "पेशंट किमोवर आहे, शेवटची किमो अमुक तारखेला झाली, ताप इतका आहे." पोर्ट (कातडीखाली बसवलेली, औषध टोचायची छोटी डबी) किंवा पिक लाइन (दंडातून शिरेत घातलेली लांब नळी) असेल तर तेही सांगा. मग कल्चरसाठी (रक्तात कोणते जंतू वाढतात ते बघायच्या तपासणीसाठी) एक रक्त लाइनमधून आणि एक हातातून घेता येतं, आणि संसर्ग लाइनमध्येच बसलाय का हे कळतं.

थंडी वाजून हुडहुडी भरली, बी.पी. उतरलं किंवा माणूस गुंगीत बोलायला लागला, तर ताप नसला तरी हाच नियम.

ताप नीट मोजायचा कसा?

साधा डिजिटल थर्मामीटर, जिभेखाली, तोंड मिटून. चहा-पाणी घेऊन पंधरा मिनिटं झालेली असावीत. काखेत मोजला तर साधारण एक अंश कमी भरतो, म्हणजे काखेतला १०० हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तोंडाचं ऑपरेशन झालेल्यांनी काखेतच मोजावा आणि हा फरक धरून चालावं. गुदद्वारातून मोजायचा नाही. तिथे खरचटलं तर तीच जंतूंची वाट होते. कपाळासमोर धरायची ती बंदूक सोसायटीच्या गेटवर ठीक होती, इथे तिच्यावर विसंबू नका.

सगळ्यात मोठी गडबड गोळीने होते. किमोनंतर अंग दुखतं म्हणून दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू असतं आणि ताप वर येतच नाही. आधी मोजा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा, मग गोळी. किमोसोबत दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही पहिले काही दिवस ताप झाकतं, शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा फुगवून दाखवतं.

पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलंय. मग तरी काळजी मिटली ना?

कमी झाली, मिटली नाही. फिलग्रास्टिम रोज घ्यावं लागतं, पेगफिलग्रास्टिम प्रत्येक फेरीला एकदाच, किमो संपल्यावर किमान २४ तासांनी. साथीच्या काळात डॉक्टर ही इंजेक्शनं जास्त सढळ हाताने लिहितात, म्हणजे हॉस्पिटलच्या चकरा वाचतात. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको आणि बर्फाच्या खणाला टेकून तर अजिबात नको, गोठलं की वाया गेलं. कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात ती या इंजेक्शनाने. ती कोविडची अंगदुखी समजून घाबरू नका. पण ठणक्याबरोबर ताप असेल तर वरचं पहिलं उत्तर.

ऑक्सिमीटर ९१ दाखवतोय आणि माणूस तर ठीक दिसतोय. काय समजायचं?

आधी यंत्राची परीक्षा घ्या. पाच मिनिटं शांत बसवा, बोटं चोळून गरम करा, हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि आकडा निदान अर्धा मिनिट स्थिर होऊ द्या. मग त्यावर दिसणारे नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर वरचा आकडा निरर्थक आहे. नेलपॉलिश, मेंदी काढलेली बोटं टाळा. डोसेटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन अशा औषधांनी नखं काळी पडतात, त्यानेही आकडा चुकतो. दुसरं बोट बघा किंवा बोट आडवं करून नखाच्या बाजूने प्रकाश जाईल असं धरा. एवढं करूनही ९४ च्या खाली असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. माणूस ठीक दिसतो यावर जाऊ नका. कोविडमध्ये ऑक्सिजन उतरलेली माणसं गप्पा मारत बसलेली सर्रास दिसली.

उलटंही होतं. आकडा ९८ आणि जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन ६ असेल तर आहे त्या लाल पेशी ऑक्सिजनने भरलेल्याच असतात, म्हणून यंत्र खूश. पेशीच कमी आहेत हे त्याला कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

साथ ओसरेपर्यंत उपचार पुढे ढकलावेत का?

स्वतःच्या मनाने तर कधीच नाही. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची मार्च ते मे २०२० ची आकडेवारी नंतर प्रसिद्ध झाली. आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांच्या तुलनेत नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी, किमो ३७ टक्क्यांनी. कॅन्सर काही ५४ टक्क्यांनी कमी झाला नव्हता. ते रुग्ण घरी होते आणि पुढे वाढलेला आजार घेऊन आले. २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो.

तरीही सगळेच कॅन्सर एका घाईचे नाहीत. रक्ताचा तीव्र (अक्यूट) कॅन्सर एक आठवडाही थांबत नाही. थायरॉइडचा पॅपिलरी प्रकार किंवा प्रोस्टेटचा कमी जोखमीचा कॅन्सर काही महिने थांबू शकतो. हार्मोनला दाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनची तारीख लांबली तर तोवर गोळ्या सुरू करता येतात. डॉक्टरांना "थांबू का?" असं विचारलं की उत्तर मोघम मिळतं. "माझ्या आजारात किती आठवडे थांबणं परवडेल आणि तोवर काय घेऊ?" असं विचारा.

रेडिएशन चालू आहे. आठ-दहा दिवस खाडा झाला तर?

किमोची फेरी आठवडाभर पुढे गेली तर बहुतेक वेळा सावरता येतं, रेडिएशनमधला खाडा तितका सोपा नाही. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी झपाट्याने वाढतात, आणि वाया गेलेला प्रत्येक दिवस आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण टक्क्याने खाली आणतो. खाडा झालाच तर पुढे दिवसातून दोन शेक (रेडिएशनच्या बैठका) देऊन किंवा शनिवारी बोलावून तो भरून काढतात. त्यासाठी खाडा झाल्या दिवशीच कळवलेलं बरं. पॉझिटिव्ह आलात तरी फोन करा; अनेक केंद्रांनी अशा रुग्णांना दिवसाच्या शेवटी वेगळी वेळ देऊन शेक चालू ठेवले.

एक चांगली गोष्टही घडली. स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन आठवड्यांत १५ शेक द्यायचे, त्याजागी एका आठवड्यात ५ शेक देऊन तितकाच गुण येतो असं एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं. सगळ्यांना ते लागू होत नाही, पण गाव लांब असेल तर विचारायला हरकत नाही.

कोविड होऊन गेला. किमो किंवा ऑपरेशन परत कधी?

लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि पेशी सावरल्यावर किमो सुरू करतात. किती दिवसांनी ते आजारावर आणि औषधावर ठरतं. मोठ्या ऑपरेशनसाठी २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून सात आठवड्यांचं अंतर सुचवलं गेलं. पुढे लस घेतलेल्या आणि सौम्य आजार झालेल्या लोकांसाठी हे अंतर कमी केलं गेलं.

इथे आणखी एक पेच असतो. रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) घेतलेल्यांत किंवा रक्ताच्या कॅन्सरमध्ये विषाणू आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने अंगात राहतो. त्यामुळे शेजाऱ्याचं विलगीकरण पाच-सात दिवसांत संपलं म्हणून तुमचंही संपलं असं नाही. वीस दिवस किंवा जास्तही लागू शकतात. दुसरीकडे, चाचणी नुसती पॉझिटिव्ह येत राहते म्हणून महिनाभर किमो अडवून धरणंही बरोबर नाही. हा निर्णय कॅन्सरच्या आणि संसर्गाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा.

पोर्ट धुवायची तारीख उलटून गेली. गावातल्या डॉक्टरांकडून करून घेऊ का?

घाबरून नको ते करण्यापेक्षा थांबलेलं बरं. वापरात नसलेला पोर्ट दर चार आठवड्यांनी धुवायचा हा जुना शिरस्ता आहे. साथीत अनेक केंद्रांनी ही मुदत आठ ते बारा आठवड्यांपर्यंत नेली आणि बहुतेक पोर्ट व्यवस्थित राहिले. पिक लाइनचं मात्र तसं नाही. तिचं ड्रेसिंग आणि धुणं दर आठवड्याला लागतं, म्हणून गावाकडे जाण्याआधीच घरच्या कोणाला तरी ते नर्सकडून शिकवून घ्या.

पोर्ट गावातच धुवावा लागला तर ह्यूबर सुई (पोर्टसाठीची खास सुई) आपल्यासोबत न्या. साध्या सुईने पोर्टच्या सिलिकॉनच्या पडद्याचा तुकडा निघतो, मग तिथून औषध गळतं. सिरिंज १० मि.लि. ची किंवा मोठी हवी. लहान सिरिंजमधून दाब फार येतो आणि आतली नळी फाटू शकते. आधी रक्त मागे येतंय का बघायचं, मग १० मि.लि. सलाइन थांबत थांबत ढकलायचं, मग केंद्राने लिहून दिलं असेल तेवढं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध). रक्त येत नसेल किंवा ढकलताना हाताला अडतंय असं वाटलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. पोर्टवरची कातडी लाल, गरम असेल तर सुई टोचायचीच नाही.

मॉर्फिनच्या गोळ्या संपत आल्यात. व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी मिळेल का?

नाही मिळणार. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं दुरून लिहून द्यायला मनाई आहे, आणि मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलमध्ये नसतंच. मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतं. म्हणून किमान दहा दिवसांच्या गोळ्या हातात असतानाच पुढची सोय करा. रुग्णाला हलवता येत नसेल तर नातेवाइकाने काय कागद आणायचे ते केंद्राला फोन करून विचारा, आणि जवळच्या जिल्ह्यातल्या पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) केंद्राच्या नावे पत्र मागून घ्या. गोळ्या पुरवून पुरवून घेणं किंवा एकदम बंद करणं, दोन्हींत वेदना उसळतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. आणि मॉर्फिनसोबतचं पोट साफ होण्याचं औषध गोळ्यांइतकंच महत्त्वाचं आहे. लोक आधी तेच बंद करतात.

किमोच्या गोळ्या घरीच घेतो. हॉस्पिटलात न जाता चालू ठेवू?

गोळ्या घरी घेता येतात, देखरेख सुटता कामा नये. केपसायटाबिन सहसा १४ दिवस घ्यायची आणि ७ दिवस सुटी. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासात, पाण्यासोबत. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले, तोंड सोलवटलं, तळहात-तळपाय लाल होऊन चालताना दुखायला लागले, तर पुढची गोळी न घेता फोन करा. "कोर्स पूर्ण करायचा असतो" हा अँटिबायोटिकचा नियम इथे लावू नका. गोळ्या कापायच्या, कुटायच्या नाहीत. रक्त तपासणी गावच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट पाठवला तरी चालतो.

प्रतिकारशक्तीसाठी काढा, गुळवेल, झिंक घेऊ का?

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: किमोची बरीच औषधं यकृतातूनच बाहेर जातात, आणि यकृताचा रिपोर्ट बिघडला की पुढची फेरी अडते. ते काढ्याने झालं की किमोने, हे शोधण्यात दोन आठवडे जातात. आल्याचा चहा, हळद घातलेली भाजी खुशाल चालू द्या. पातेलंभर उकळलेला काढा आणि शेजारणीने दिलेली पुडी नको.

लस घ्यावी का, आणि कधी?

कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन, दोन्हींत वाढणारा जिवंत विषाणू नाही, म्हणून किमोतही त्या चालतात. फ्लूची इंजेक्शनची लसही चालते. नाकात फवारायची जिवंत असते, ती नको. घरातल्या मुलांना गोवर आणि कांजिण्यांची लस द्यायला हरकत नाही, पण पोलिओच्या तोंडावाटे थेंबांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला: तो विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो.

वेळ साधायची ती पुढच्या किमोच्या काही दिवस आधीची. पेशी तळाला असताना लस घेतली आणि ताप आला तर तो लसीचा की संसर्गाचा हे ठरवता येत नाही. रिटुक्सिमॅबनंतर सुमारे सहा महिने लसीचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून जमल्यास ते सुरू होण्याआधीच घ्या. घरच्यांनी घेणं तर त्याहून गरजेचं.

स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात टोचून घेऊ नका. लसीनंतर त्याच बाजूच्या काखेत गाठ येऊ शकते. ती काही आठवड्यांत जाते, पण पेट स्कॅनमध्ये चमकते आणि घरभर धास्ती पसरते. स्कॅनच्या टेबलावर चढण्याआधी लसीची तारीख आणि हात सांगून ठेवा.

तोंडाचं किंवा घशाचं ऑपरेशन झालंय. मास्क बसतच नाही.

जबडा काढलेला असला की एन-९५ मास्क एका बाजूने उघडा राहतो. पट्टे डोक्यामागे बांधायचा प्रकार घ्या, कानात अडकवायचा नको. फट राहिलीच तर वरून कापडी मास्क घट्ट बांधा. नाकातली नळी मास्कच्या कडेखालून येते तिथे फट पडते. नळी गालावर चिकटपट्टीने सपाट बसवून मग मास्क लावा. लाळ गळत असेल तर दिवसाला तीन-चार मास्क लागतील. ओला मास्क काही अडवत नाही.

स्वरयंत्र काढलेला माणूस नाकाने श्वास घेतच नाही, गळ्यावरच्या छिद्रातून घेतो. त्याने नाकावर मास्क लावून छिद्र उघडं ठेवलं तर उपयोग शून्य. छिद्रावर फिल्टर किंवा स्वच्छ कापडी आच्छादन हवं, आणि स्वॅब घेताना नाकाबरोबर छिद्रातूनही घ्यायला सांगा. तिथे उभ्या असलेल्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही.

स्टेरॉइड आणि काळी बुरशी यांचा काय संबंध?

डेक्सामेथासोन ६ मि.ग्रॅ. रोज, जास्तीत जास्त दहा दिवस, याचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच झाला. ऑक्सिजन लागत नसलेल्यांनी ते आपणहून घेण्यात तोटाच आहे. २०२१ च्या लाटेत वाढलेली साखर आणि बेहिशेबी स्टेरॉइड यांवरच म्युकर, म्हणजे काळी बुरशी, पोसली. एका बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, नाकात काळी खपली, डोळ्याची सूज, दात अचानक हलणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत हीच लक्षणं आजार उलटल्यासारखी वाटतात आणि पुढच्या तारखेची वाट बघण्यात वेळ जातो.

कोविडची औषधं किमोच्या औषधांशी भांडतात का?

भांडतात. पॅक्सलोव्हिडमधलं रिटोनाव्हिर व्हिनक्रिस्टिन, व्हेनेटोक्लॅक्स, इब्रुटिनिब, फेंटानिल यांचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतं. उलटीसाठीचं ऑनडॅनसेट्रॉन चालू असताना वर अझिथ्रोमायसिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पडलं तर हृदयाची लय बिघडू शकते. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव एका कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या पानावर लावा. "लाल गोळी, रात्रीची" याने कोणालाच काही कळत नाही.

एकाच खोलीचं घर आहे. घरातच कोणी पॉझिटिव्ह आलं तर?

जमत असेल तर किमोच्या रुग्णाला नातेवाइकाकडे हलवा, आजारी पडलेल्याला नव्हे. पण रुग्णाची चाचणी आधी. हलवणं शक्य नसेल तर खिडक्या उघड्या, दोघांनाही मास्क, आणि आजारी माणसाकडून रुग्णाकडे वारा जाईल असा पंखा नको. चाळीतलं संडास-बाथरूम सामायिक असेल तर रुग्णाने सकाळी पहिलं जावं. किमोनंतर ४८ तास रुग्णाचे मळलेले कपडे, उलटीची भांडी हातमोजे घालूनच हाताळायची, हा नियम साथीतही कायम. आणि बघायला येणारे? त्यांना फोनवर येऊ द्या. वाईट वाटेल, पण ते नंतर समजावता येतं.

रक्त आणि प्लेटलेट मिळत नाहीत, तेव्हा?

प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून शिबिरं थांबली की सगळ्यात आधी त्याच संपतात. रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाने गटाचे चार-पाच दाते आधीच हेरून ठेवावेत आणि एकाच दिवशी सगळ्यांना बोलावू नये.

मुंबईला जायचा खर्च कसा भागवायचा?

उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट. सेकंड आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. मार्च २०२० मध्ये बाकीच्या बहुतेक सवलती बंद झाल्या, रुग्णांची चालू राहिली. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला आरक्षणाच्या खिडकीवर द्यावा लागतो, म्हणून ओपीडीतून निघतानाच परतीचा आणि पुढच्या खेपेचा दाखला मागून घ्या. मोफत उपचारांची सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी खुली झाली. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या (या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, उपचार सुरू होण्याआधी, कारण मंजुरी आधी लागते. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या रुग्णांना वर्षानुवर्षं आसरा देत आली आहे. साथीत अशा ठिकाणच्या खाटा कमी होतात, त्यामुळे गाडीत बसण्याआधी फोन करून जागा पक्की करा.